माझ्या कप्तानीखाली कर्लिंग

१ फेब्रुवारी १९७८, बुधवार

आजपासून रोजनिशी. नियमित. कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

संध्याकाळी मैत्री क्लबची मीटिंग. अध्यक्ष चनबसप्पांनी स्कॉटलंडहून आलेलं पत्र वाचलं. तिथली चौघांची एक कर्लिंग टीम मैत्रीच्या दौऱ्यावर आहे. कॅनडात सामने खेळून, जगाला वळसा घालून घरी परतणार. वाटेत आठवडाभर सोलापूर. कारण कप्तान मॅकॅलम यांचे वडील पूर्वी इथल्या एका गिरणीत वीव्हिंग मास्टर होते. हॉटेल नको, कुणाच्या घरी राहायला आवडेल, असं लिहिलंय.

यजमान कोण होणार, असं चनबसप्पांनी विचारलं. सगळे पंख्याकडे बघायला लागले. पंखा जरा कमी करा, हे सांगायला मी हात वर केला. टाळ्या पडल्या.

विचार करता हे योग्यच झालं. मार्चमध्ये चनबसप्पा अध्यक्षपद सोडणार. मी वर्षानुवर्षं जॉइंट सेक्रेटरी. ज्याच्या घरी आंतरराष्ट्रीय टीम उतरली, त्याला डावलून दुसऱ्या कुणाला अध्यक्ष करतील?

कर्लिंग म्हणजे केस कुरळे करणं, असं चनबसप्पांचं मत पडलं. मी हसलो. खेळ आहे म्हणालो. कसला, ते लायब्ररीत बघायचं.

घरी बातमी सांगितली. विजयमालाने भाकरी थापता थापता विचारलं, ते झोपणार कुठं. मोठ्या गोष्टीत बायकांना आधी बारीकसारीक दिसतं.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

लायब्ररीत जाऊन आलो. इंग्रजी ज्ञानकोशात अर्धं पान आहे. कर्लिंग बर्फावर खेळतात. मूठ असलेला जड गोल दगड बर्फावरून घसरत सोडायचा. दोन सोबती झाडू घेऊन पुढे पळतात आणि दगडाची वाट घासतात. लांब टोकाला वर्तुळं काढलेली असतात, त्यांच्या मध्यात दगड थांबला पाहिजे. कप्तान त्या टोकाला उभा राहतो. तो झाडत नाही. कुठे टाका, कसं झाडा, एवढं ओरडून सांगतो.

पान मिटलं आणि अंगावर काटा आला. मी हा खेळ न शिकताच खेळत आलोय.

निश्चय: पाहुण्यांना नुसतं जेवू घालून पाठवायचं नाही. सोलापुरात भारत विरुद्ध स्कॉटलंड सामना घ्यायचा. खऱ्या बर्फावर. भारताचा कप्तान अण्णाराव बिराजदार.

दुसरा निश्चय: रोज पहाटे दंड-बैठका. उद्यापासून.

६ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे थंडी होती. दंड-बैठका उन्हाळ्यात सुरू केलेल्या बऱ्या.

बर्फाच्या कारखान्याचे गैबीसाब माझ्या दुकानावर आले होते. त्यांना योजना सांगितली. आधी वाटलं हसतील. पण गैबीसाब लहान मुलासारखे खूश झाले. म्हणाले, जन्मभर लोकांनी आपला बर्फ सरबतात घातला, मढ्याखाली घातला, खेळायला कुणी मागितला नव्हता. लाद्या पाहिजे तेवढ्या देतो, फक्त टीममध्ये घ्या. घेतलं.

चनबसप्पांचं अक्कलकोट रोडला सरकीचं गोडाऊन रिकामं आहे. ते देतो म्हणाले. त्यांनाही घेतलं. वजन बरंच आहे, पण बर्फावर वजन लागतंच.

चौथा खेळाडू मिळेल. विजयमालाने विचारलं, झाडायचंच असेल तर ती येऊ का. मी समजावलं की हे झाडणं वेगळं, आंतरराष्ट्रीय आहे. तिने चहाचं बघावं.

९ फेब्रुवारी, गुरुवार

दगडाचा प्रश्न सुटला. माळ्यावर जुनं जातं आहे. त्याचा वरचा दगड, खुंट्यासकट, हुबेहूब ज्ञानकोशातल्या चित्रासारखा. शेजारपाजारहून आणखी जाती मागवली. हा शोध माझा. पेटंट घेता येईल का, वकिलाला विचारायचं.

जातं खाली उतरवताना पाठीत थोडी कळ आली. किरकोळ.

वैरागहून सासूबाई आल्यात. म्हाळसाबाई. पाहुणे येणार म्हणून मदतीला. एका डोळ्याने नीट दिसत नाही आणि दिवसभर बोलतात. आंतरराष्ट्रीय पाहुण्यांसमोर त्यांना कुठं ठेवायचं, हा नवीनच प्रश्न.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

पाहुणचाराची तयारी कडक. काटे-चमचे भाड्याने आणले. स्वयंपाकाला मिलिटरी कॅन्टीनमधला एक रिटायर्ड आचारी ठरवला. उकडलेला बटाटा, उकडलेलं गाजर, उकडलेला कोबी. मसाला बंद. विजयमालाला स्पष्ट सांगितलं, शेंगाची चटणी त्यांच्या नजरेसही पडता कामा नये. गोरा माणूस एका घासात आजारी पडेल आणि माझं अध्यक्षपद जाईल.

चार पैलवानांसाठी चार लोखंडी खाटा. अंघोळीला मोठ्या बादल्या. धुतलेले लंगोटही ठेवावेत का, ठरलेलं नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मेलने पाहुणे आले. स्वागत झालं. थोडा घोटाळा झाला, पण दोष पत्राचा.

बँड, हार, क्लबचा फलक, सगळं तयार. गाडी थांबली. दोन उंच, दाढीवाले गोरे उतरले. कपडे मळके, पण लांबच्या प्रवासात असं होतं. मी हार घातले. इंग्रजीत भाषण सुरू केलं. त्यांनी दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, भाषण संपेपर्यंत ऐकलं. मग केळी मागितली. उरलेले दोघे कुठे, असं विचारलं तर आपण सगळे एकच आहोत म्हणाले. ते गोव्याला चाललेले हिप्पी होते.

तेवढ्यात विजयमाला मागच्या मागे चार प्रौढ गोऱ्या बायकांना घेऊन टांग्यात बसत होती. मी ओरडून विचारलं, या कोण?

"पाहुण्या हायत की," ती म्हणाली. "झाडू न्हाई का दिसत त्यांच्या सामानात?"

पत्रात आद्याक्षरं लिहिली की असं होतं. कप्तान म्हणजे मिसेस मॅकॅलम, साठीच्या, पांढरे केस, ताठ. एक खूप उंच आहेत, एक खूप गोल. चौथ्या सारख्या हसतात.

संध्याकाळी सगळ्यांना काटे-चमच्यांनी जेवायला बसवलं. फार थोडं खाल्लं. युरोपात मिताहारच असतो.

२० फेब्रुवारी, सोमवार

स्त्रियांशी सामना असल्याने आपण जिंकणार, हे उघड आहे. शिष्टाचार म्हणून थोडक्यात जिंकायचं. गैबीसाबना तसं बजावलं.

दिवसभर गोडाऊनची साफसफाई. पाहुण्यांना वेळ देता येत नाही, पण माझी धडपड त्यांना कळत असणार.

घरी ज्वारीचं पीठ फार वेगाने संपतंय. आचारी तर फक्त उकडतो. विजयमालाला विचारलं तर म्हणाली, आई आलीय ना. सासूबाईंचा आहार आधी लक्षात आला नव्हता.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

पाठदुखी. दुपारी दुकानातून लवकर घरी आलो.

स्वयंपाकघरात भलतंच दृश्य. चौघी पाहुण्या जमिनीवर पाटावर. ताटात भाकरी, वांग्याची भाजी आणि मी बंद केलेली ती चटणी. हाताने खात होत्या. सासूबाई प्रत्येकीच्या भाकरीवर तेल सोडत होत्या. आणि मिसेस मॅकॅलम चक्क रडत होत्या.

मी धावत पाणी आणलं. विजयमालाला बाजूला घेऊन खडसावलं, एवढं तिखट घालायची काय गरज होती. ती शांतपणे म्हणाली, "तिखटानं न्हाई रडल्या त्या."

मग तिने सांगितलं, गल्लीतल्या कॉलेजच्या पोरीने इंग्रजीतून समजावून दिलेलं. बाई सात वर्षांच्या होईपर्यंत इथेच होत्या. आई लवकर गेली. सांभाळायला इथलीच एक बाई होती. तिचं नाव आठवत नाही, चेहरा आठवत नाही. साहेबाला नकळत ती पोरीला मागच्या पायरीवर बसवून स्वतःच्या डब्यातली भाकरी-चटणी भरवायची. आणि दर घासाला एकच शब्द म्हणायची, तेवढाच यांच्या लक्षात राहिला होता. त्याचा अर्थ काय, हे विचारायला बाई एवढ्या लांब आल्या. आज सासूबाई वाढताना सहज "खा की" म्हणाल्या आणि बाईंचा हात थांबला.

मला पण बोलवलं जेवायला. काटे-चमचे पुसायचे होते म्हणून बाहेर आलो.

शेवटी श्रेय यजमानाचंच. माझं घर नसतं तर हे कुठे घडलं असतं?

आचाऱ्याला सुट्टी दिली. तो नाहीतरी रुसलाच होता.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

काही बाबी कळेनाशा झाल्यात.

(क) मागच्या अंगणातल्या शहाबादी फरशीवर कुणीतरी गेरूने एकात एक वर्तुळं काढलीत. शिवरात्र जवळ आली, त्याचं काहीतरी असेल.

(ख) फरशी कायम ओली.

(ग) गल्लीतल्या यच्चयावत बायकांच्या कोळशाच्या इस्त्र्या आमच्या ओसरीवर मांडून ठेवल्यात. पाहुण्यांचे कपडे कडक असावेत हे ठीक. पण घरात एवढ्या इस्त्र्या असून मी आज चुरगळलेला शर्ट घालून क्लबात गेलो.

विजयमालाला विचारलं. पाहुण्या दुपारी "जरा खेळतात" म्हणाली. बायका भोंडला नाहीतर फुगडी खेळतात. स्कॉटलंडमध्येही फुगडी असावी.

मिसेस मॅकॅलम यांना वडिलांचा बंगला दाखवायचं माझ्या कार्यक्रमपत्रिकेत होतं. वेळ झाला नाही. विजयमाला परस्पर घेऊन गेली. बंगला आता कुणाचंतरी ऑफिस आहे. बाईंनी फक्त मागची पायरी पाहिली, थोडा वेळ बसल्या आणि परत आल्या, असं कळलं. आत जाऊन साहेबांचं दालनबिलन बघायला हवं होतं. मी असतो तर ओळख काढून दिली असती.

२५ फेब्रुवारी, शनिवार

उद्या सामना.

गैबीसाबची गाडी पहाटेच येणार. लाद्या एकाला एक खेटून मांडायच्या. मधल्या फटीत चुरा आणि मीठ. तापमानाचा प्रश्न चनबसप्पांनी काढला. दुपारी फेब्रुवारीतही इथे टाळू तापते. मी म्हटलं, आपण सूर्य वर यायच्या आत जिंकलेलो असू.

चौथा खेळाडू अजून नाही. हरकत नाही. तिघांत चौघांचं बळ आहे.

स्वीकारायचं भाषण पाठ केलं. सामन्याचं नव्हे, अध्यक्षपदाचं.

२६ फेब्रुवारी, रविवार. अंथरुणात पालथा पडून.

तटस्थपणे लिहितो.

गोडाऊनला अर्धं गाव लोटलं होतं. लाद्या सुंदर दिसत होत्या. थोडा भुसा चिकटला होता. उद्घाटनाला चनबसप्पा बर्फावर उभे राहिले आणि आंतरराष्ट्रीय मैत्रीवर बोलत राहिले. ते इतकं बोलले की त्यांच्या पायाखालची लादी खचली आणि शेवटचा मुद्दा त्यांनी आमच्यापेक्षा वीतभर खालून मांडला.

पहिला दगड माझा. खरं तर कप्तानाने पलीकडच्या टोकाला उभं राहायचं, पण फोटोग्राफर अलीकडे होता. मी वाकलो. पाठीने इशारा दिला, मी दुर्लक्ष केलं. जात्याचा खुंटा घट्ट धरला, मागे झोका घेतला आणि जोर लावून पुढे सोडला.

खुंटा हातात आला. दगड जागेवर राहिला. मी निघालो.

पोटावर. खुंटा उंच धरून. गैबीसाबना नियम पक्के पाठ होते. काहीतरी सुटलंय म्हणजे झाडायचं. ते माझ्यापुढे जिवाच्या आकांताने बर्फ झाडत पळाले, त्यामुळे माझा वेग वाढला. नोंद करण्यासारखी बाब ही की मी बरोबर वर्तुळांच्या मध्यात थांबलो. असा नेम त्या जागी आजवर कुणाचा लागलेला नाही. पण खेळाडू स्वतः पोचला तर गुण नसतात, असं मिसेस मॅकॅलम यांनी डोळे पुसत सांगितलं. त्या या वेळीही रडत होत्या. कारण वेगळं होतं.

मला उठता येईना. मला उचलायला माणसं धावली, लाद्या हलल्या, फटी पडल्या, सगळीकडे पाणी. सूर्य पत्र्यावर आला होता. कुणीतरी म्हणालं, वाया कशाला घालवायचा. मग पब्लिकने भारत-स्कॉटलंड मैदान टोपल्यांत, पोत्यांत, लुगड्याच्या ओच्यात भरून घरोघरी नेलं. गैबीसाब रागावले नाहीत. म्हणाले, जन्माचं सार्थक झालं, अण्णाराव, परत कधी करायचं?

सामना अनिर्णित धरावा, असं माझं मत.

मला टांग्यातून घरी आणलं. पाठीला बर्फ बांधला. म्हणजे तोच.

दुपारी मागच्या अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. खिडकीशी रांगत गेलो. भिंतींवर, पायऱ्यांवर गल्लीतल्या बायका गच्च. चनबसप्पा आणि गैबीसाबही होते. ओल्या फरशीवरून मिसेस मॅकॅलम यांनी हलकेच एक इस्त्री सोडली. उंच बाई आणि गोल बाई पुढे खराट्याने पाणी सारत पळाल्या. इस्त्री तरंगत गेल्यासारखी गेली आणि गेरूच्या वर्तुळात थांबली.

मग या बाजूने विजयमालाने पदर खोचला. तिची इस्त्री गेली आणि त्यांच्या इस्त्रीला बाहेर ढकलून स्वतः तिथे बसली. मला हे नवीन होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिचा नेम कधी विचारला नव्हता.

शेवटची इस्त्री सासूबाईंची. एका डोळ्याने दिसत नाही, म्हणून नेम धरताना दुसरा मिटावा लागत नाही. सोलापूर एका गुणाने जिंकलं. चौघी स्कॉटिश बायका हरल्याच्या आनंदात सासूबाईंना उचलायला निघाल्या.

रोज दुपारी हेच चालायचं म्हणे. मी गोडाऊनला असायचो.

२७ फेब्रुवारी, सोमवार

स्थानिक पेपरात पहिल्या पानावर फोटो. अंगणातला. "सोलापूरच्या गृहिणींचा स्कॉटलंडवर विजय." विजयमाला, म्हाळसाबाई, चौघी पाहुण्या, सगळ्यांची नावं. मागे खिडकीत पाठीला बर्फ बांधलेला माणूस दिसतो. त्याच्यासाठी "व इतर".

पाहुण्या विजापूरच्या गाडीने गेल्या. वेदना सोसून स्टेशनवर गेलो. सासूबाईंनी भाकरीचा डबा दिला. मिसेस मॅकॅलम यांनी आपला झाडू विजयमालाला दिला आणि दोघी बराच वेळ हात धरून उभ्या होत्या.

मग बाई माझ्याकडे वळल्या. इंग्रजीत, सावकाश, मला कळावं म्हणून प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मिस्टर बिराजदार, तुमचे विशेष आभार. तुम्ही आठवडाभर घराबाहेर राहिलात. इतका समजूतदार यजमान आम्हाला कॅनडातही भेटला नाही."

आंतरराष्ट्रीय पातळीवरचं प्रशस्तिपत्रक. क्लबच्या इतिवृत्तात घालायचं.

५ मार्च, रविवार

आज अध्यक्षाची निवड. शर्ट कडक.

चनबसप्पा उभे राहिले. म्हणाले, क्लबचं नाव सातासमुद्रापार नेलं ते ज्या घराने, त्या घरातूनच पुढचा अध्यक्ष यावा. परक्या माणसाला पोटभर जेवायला घालून, त्याचं मन ओळखून, त्याच्याच खेळात त्याला हरवून हसत परत पाठवणारी व्यक्ती दुसरी नाही. म्हणून मी नाव सुचवतो, बिराजदार.

टाळ्यांचा कडकडाट. गैबीसाबनी अनुमोदन दिलं. मी उठलो. विनयाने मान खाली घातली. पाठ केलेलं भाषण सुरू केलं. ही जबाबदारी मी नम्रपणे स्वीकारतो, असं पहिलं वाक्य झालं. सभागृह फार शांत झालं. मला वाटलं, प्रभाव.

चनबसप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "अण्णाराव, बसा. बाईंना बोलू द्या की."

कुटुंबासकट सभासदत्वाचा नियम क्लबात आहे. तो ठराव कुणी मांडला होता, आत्ता आठवत नाही. हस्ताक्षर माझं आहे.

विजयमाला उभी राहिली. बायकांच्या बाजूला. तिला काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला भाषण येत न्हाई. पाहुणे येतील तेव्हा सांगा. आणि आमच्या ह्यांची पाठ लई दुखतीय, त्यांना कुणीतरी टेकायची खुर्ची द्या."

खुर्ची मिळाली.

घरी येताना ती म्हणाली, नको असेल तर नाही म्हणते. मी म्हटलं, संस्थेचा निर्णय आहे, मी अडथळा आणणार नाही. ती हसली. तिला कशाचं हसू आलं ते विचारायचं राहिलं.

६ मार्च, सोमवार

रात्रभर विचार करून निष्कर्ष काढला. अध्यक्ष कुणीही असो, कारभार पडद्यामागून मीच चालवणार. लोकांनाही हे समजतंच. पद हे नावापुरतं.

आज सात रस्त्यावरून दुकानाकडे जात होतो. मागून कुणीतरी मोठ्याने हाक मारली, "अवो अध्यक्ष!" मी थांबलो. सावकाश वळलो. एक अनोळखी गृहस्थ लगबगीने आले, वाकून नमस्कार केला. मीही तितक्याच अदबीने केला.

त्यांनी विचारलं, "अध्यक्षांचे मालक तुमीच न्हवं का? बाई घरी हायत का?"

आहेत म्हणालो.